पडद्याची दांडी आणि ४८ व्होल्टचं ड्रिल

जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांनी विचारलंय: नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. पडदे लावायचेत, फोटो टांगायचेत, किचनमध्ये रॅक बसवायची आहे, गॅलरीत कपडे वाळत घालायचं हँगर हवंय. दर वेळी इलेक्ट्रिशियनला चार-चार फोन करून कंटाळलो, म्हणून स्वतःचं बॅटरीवरचं ड्रिल घेणार आहे. बजेट सात-आठ हजार. ऑनलाइन ४८ व्होल्टचा सेट दिसतोय, दोन बॅटऱ्या आणि १०८ नग सामान, अडीच हजारांत. नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं ड्रिल मात्र त्याच्या दुप्पट किमतीला. व्होल्ट पाव आणि पैसे दुप्पट, हे गणित कळत नाही.

मी वीस-बावीस वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करतोय. त्याआधी पॉवरलूमच्या मोटारींचं वायंडिंग करायचो. लूम कमी होत गेले तशी टेबलावर मोटारींच्या जागी ड्रिल आणि ग्राइंडर आले. त्यामुळे माझं मत दुकानदाराचं नाही. यंत्र मेल्यावर ते ज्याच्याकडे येतं त्याचं आहे.

व्होल्टचा घोळ आधी मिटवू. मागच्याच महिन्यात अगदी असला सेट घेऊन एक जण आला. तक्रार एवढीच, "ओ, चार भोकं पाडली की बंद पडायलाय बगा." बॅटरीवर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट आणि ६००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचा आकडा). चार स्क्रू काढून कवच उघडलं. आत पाच सेल निघाले, अंगठ्याएवढे जाड आणि अडीच इंच लांब, निकेलच्या पट्टीने एकाला एक जोडलेले, बाजूला सर्किटची छोटी पट्टी. सेलवर कंपनीचं नाव नाही, नुसतं निळं प्लॅस्टिक. पूर्ण चार्ज करून मीटर लावला तर २०.६ व्होल्ट.

यात आश्चर्य काही नाही. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि काम करताना सरासरी ३.६ देतो. पाच सेल ओळीने जोडले की भरलेले २१, कामातले १८. खरेखुरे ४८ व्होल्ट हवे तर ओळीत बारा-तेरा सेल लागतील, ते त्या कवचात कोंबूनही मावणार नाहीत. दुसरा आकडा तर आणखी गमतीचा. या मापाच्या एका सेलमध्ये चांगल्यात चांगला माल घेतला तरी साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच बसतात, आणि ओळीने जोडल्यावर व्होल्ट वाढतात, एमएएच तेवढेच राहतात. मग ६००० आले कुठून? छापखान्यातून. लोड लावून मोजलं तेव्हा ती बॅटरी तेराशेच्या आसपास भरली.

आता तुमचं गणित करू. बॅटरीत एकूण किती जीव आहे हे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांच्या गुणाकाराने कळतं, त्याला वॉट-अवर म्हणतात. ती '४८ व्होल्ट'वाली: तेराशे एमएएच म्हणजे १.३ अँपिअर-अवर, म्हणून १८ गुणिले १.३, म्हणजे साधारण २३ वॉट-अवर. नावाजलेल्या कंपनीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असतात, कामातले व्होल्ट १०.८, त्यात २ अँपिअर-अवर: २१.६ वॉट-अवर. दोन्ही जवळजवळ सारख्या. फरक एवढाच की दुसरीतले सेल दाबून काम घेतलं तरी मान टाकत नाहीत, आणि दोन वर्षांनी तशीच बॅटरी परत मिळते.

हो, मोठ्या कंपन्याही थोडं फुगवून सांगतातच. १०.८ ला '१२ मॅक्स' आणि १८ ला '२० मॅक्स' म्हणतात, म्हणजे भरल्या पोटाचा आकडा. डिवॉल्टची १८ आणि २० मॅक्स ही एकच बॅटरी आहे, देशाप्रमाणे नाव वेगळं. हे माहीत असलं की फसायला होत नाही. पण पाच सेलांना ४८, ८८, १२८ म्हणणं याला फुगवणंही म्हणता येत नाही.

तर १२ की १८? हे यंत्रावर कमी आणि तुमच्या भिंतींवर जास्त ठरतं. तुम्ही यादीत पडदे सगळ्यांत आधी लिहिलेत, आणि नेमका तिथेच बहुतेकांचा पोपट होतो.

खिडकीच्या चौकटीच्या वर वीट नसते. तिथे काँक्रीटचं लिंटल असतं, साधारण सहा इंच उंचीचं, आणि ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडं पुढे गेलेलं असतं. पडद्याच्या दांडीचे ब्रॅकेट आपण चौकटीच्या वर दोन-तीन इंचांवर लावतो. म्हणजे नवीन घरात माणूस उत्साहाने पहिलं भोक पाडतो ते थेट आरसीसीत. बिट प्लास्टरमध्ये सर्रकन अर्धा इंच जातं आणि मग थांबतं. माणूस जोर लावतो. यंत्र गरम होतं, बिटाचं टोक निळं पडतं, बॅटरी संपते, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे येतं. गॅलरीतल्या हँगरचंही तेच. तो स्लॅबला लागतो आणि स्लॅब म्हणजे काँक्रीटच.

इथे शब्दांचा घोटाळा आहे, तोही सोडवायला हवा. ज्याला आपण 'हॅमरवालं ड्रिल' म्हणतो ते दोन प्रकारचं असतं. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये आत दोन दातेरी चकत्या असतात, त्या एकमेकींवरून फिरताना बिट पुढे-मागे थरथरतं. १२ व्होल्टच्या यंत्रात मिनिटाला वीसेक हजार ठोके पडतात, पण ठोका इतका हलका की तुम्ही मागून जितकं रेटाल तितकंच काम होतं. खरं रोटरी हॅमर वेगळं. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला बिटाच्या बुडावर आपटते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक घाव दोन ज्यूल, अडीच ज्यूल. पाट्याला टाकी लावणारा माणूस बघितला असेल तुम्ही. छिन्नीवर बोटांनी कितीही वेळ टकटक केली तरी पाट्याला खवला पडत नाही, हातोडीचा एक नेमका घाव लागतो. रोटरी हॅमरला बिटही वेगळं लागतं, बुडाला खाचा असलेलं, एसडीएस म्हणतात ते. चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, आवळायची किल्ली नसते, बिट ढकललं की बसतं. लिंटलमध्ये सहा मिलीचं भोक पाडायला त्याला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि मागून रेटायची गरज नसते.

आणि भिंत कसली आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही, खाली पडणारी पूड बघा. मी अजूनही भोकाखाली कागदाचा तुकडा दुमडून चिकटपट्टीने लावतो. पसारा होत नाही आणि पूडही दिसते. सुरुवातीला करडी पूड येणारच, ते प्लास्टर. त्यानंतर लाल आली तर भाजकी वीट, सगळं सोपं आहे, तुमचं १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल ती आरामात पाडेल. करडीच राहिली पण बिट सहज जात राहिलं तर राखेची वीट. करडी पूड, बारीक, आणि बिट जागेवरच किंचाळतंय, तर काँक्रीट. मध्येच चकाकणारे कण आले आणि आवाज कर्कश झाला तर सळई लागली आहे. तिथे हट्ट करू नका, इंचभर सरका. पांढरी, पिठासारखी आणि भरपूर पूड पडायला लागली तर तो हलका ब्लॉक, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात. नव्या इमारतींत तो बराच आहे. त्यात हॅमर अजिबात चालू करायचा नाही, नाहीतर भोक सहाचं आठ होतं आणि साधी गिट्टी, म्हणजे भोकात ठोकायची स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी, हातानेच बाहेर येते. त्या ब्लॉकसाठी पंख फुटलेली जाड गिट्टी वेगळी मिळते, ती मागून घ्या.

गावातल्या जुन्या घरांची गोष्ट निराळी. साखर पेठेत, शुक्रवार पेठेत माळवदाची घरं आहेत, भिंती दोन-अडीच फूट जाड, काळा दगड आणि मातीत बांधलेल्या. तिथे नेम चुकून सांध्यात गेला तर बिट लोण्यासारखं आत जातं आणि गिट्टी धरत नाही, कारण आत नुसती माती. दगडात गेला तर बॅटरीचं छोटं ड्रिल हात टेकतं. तिथली मंडळी सांधा खोदून लाकडाची खुंटी सिमेंटमध्ये बसवतात, तेच बरोबर आहे. कट्ट्याच्या किंवा फडताळाच्या शहाबादी फरशीला भोक पाडायचं असेल तर तिथेही हॅमर बंदच. तो दगड थराथराचा. ठोके दिले की भोकाच्या पलीकडच्या बाजूने पापुद्रा उडतो.

हे एवढं लांबण लावलं कारण तुमच्या यादीतली दोन कामं, दांडी आणि हँगर, काँक्रीटमधली आहेत. फोटो आणि रॅक विटेतली किंवा ब्लॉकमधली. १८ व्होल्टचं साधं इम्पॅक्ट ड्रिल घेतलं तरी काँक्रीटमध्ये ते रडतच जाईल. बॅटरीवरचं खरं रोटरी हॅमर उत्तम येतं, पण बॅटरी-चार्जरसकट ते तुमच्या बजेटच्या बरंच पुढे आहे, आणि घरात स्लॅबला भोकं वर्षातून किती वेळा पाडणार? मी सांगेन, काँक्रीटची सगळी भोकं एका दिवशी काढा. प्रत्येक खिडकीचे ब्रॅकेट, गॅलरीचं हँगर, पेन्सिलीने खुणा करून ठेवा. वायरचं दोन किलोचं हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा किंवा इलेक्ट्रिशियनला एकदाच बोलावून दहा-बारा भोकं एकदम पाडून घ्या. ते काम आयुष्यात एकदाच आहे.

उरलेल्या सगळ्यासाठी १२ व्होल्टचं ड्रिल. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसती भोकंच पाडायची असतील तर बॅटरीचं घेऊच नका. वायरचं १३ मिली चकचं इम्पॅक्ट ड्रिल याच्या निम्म्या पैशात येतं आणि पंधरा वर्षं टिकतं. बॅटरीच्या यंत्राची खरी करामत स्क्रू आवळण्यात आहे. त्याच्या गळ्याशी आकडे लिहिलेली एक कडी असते, बहुतेक लोक तिला हातही लावत नाहीत. तो क्लच. १ वर ठेवलं की स्क्रूला थोडा ताण आला की यंत्र 'टरर' करून सुटतं. आकडा वाढवाल तसा ताण वाढतो. शेवटी ड्रिलचं चित्र असतं, तिथे क्लच लागत नाही.

कपाटाच्या बिजागरीचं उदाहरण घ्या. पार्टिकल बोर्डात छोटा स्क्रू आहे, तुम्ही कडी ड्रिलच्या चित्रावर ठेवून घोडा दाबला. स्क्रू बसला, पण यंत्र थांबलं नाही, आणखी अर्धा फेरा फिरलं. बोर्डातले आटे भुसा झाले. आता तो स्क्रू जन्मात धरणार नाही. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून पुन्हा बसवत बसा. तेच कडी ३ वर ठेवून सुरू केलं, स्क्रू वर राहिला म्हणून ५ वर नेली, तर डोकं पृष्ठभागाला टेकताच यंत्र आपोआप सुटतं. मॉड्युलर किचन बसवणारी पोरं आकडा न बघता सवयीने फिरवतात. वायरच्या ड्रिलला हा क्लच नसतो, म्हणून त्याने स्क्रू आवळणाऱ्यांच्या घरात डोक्याच्या खाचा झिजलेले स्क्रू सापडतात.

१२ व्होल्टच का, १८ का नको, तर वजन. १२ चं यंत्र बॅटरीसकट किलोच्या आसपास असतं, १८ चं दीड किलो आणि वर. घोडीवर चढून, एका हाताने ब्रॅकेट धरून, दुसऱ्या हाताने डोक्याच्या वर स्क्रू आवळताना तो अर्धा किलो काय असतो ते दहाव्या स्क्रूला कळतं. घरात दुसरं कुणीही ते न घाबरता उचलू शकतं, हाही मुद्दा आहे. २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायची ताकद, घरच्या कामाला पुरून उरते. खोक्यावरचा टॉर्कचा आकडा बघताना हेही बघा की तो 'हार्ड' आहे की 'सॉफ्ट'. हार्ड म्हणजे लोखंडात अडकल्यावरचा क्षणाचा झटका, सॉफ्ट म्हणजे लाकडात स्क्रू जातानाची खरी ताकद, आणि ती जवळपास निम्मी असते. मोठ्या अक्षरात हार्डच छापतात.

१८ व्होल्ट घ्यावं अशी घरं आहेत. शेत असेल, पत्र्याची शेड उभारायची असेल, फर्निचर स्वतः करायची हौस असेल, पुढे ग्राइंडर, जिगसॉ (वळणावळणाने कापणारी छोटी करवत), ब्लोअर हे सगळं एकाच बॅटरीवर चालवायचं असेल तर १८. कारण तुम्ही घेता ते यंत्र नसतं, ती बॅटरी असते. एकदा एका कंपनीची बॅटरी आणि चार्जर घरात आला की पुढचं प्रत्येक यंत्र बिनबॅटरीचं, नुसतं घेता येतं आणि ते बरंच स्वस्त पडतं. म्हणून पहिली निवड सोयरीक जुळवल्यासारखी करायची. आणि एका कंपनीतही सगळं एकमेकांना बसतं असं समजू नका. बॉशची निळी १८ व्होल्ट बॅटरी त्यांच्याच हिरव्या १८ व्होल्टच्या यंत्राला बसत नाही. माकिताच्या १२, १८ आणि ४० च्या तीन वेगळ्या जाती आहेत. मधे अ‍ॅडॅप्टर लावून एकाची बॅटरी दुसऱ्याला जोडणारे असतात. बॅटरी तळाला जाण्याआधी तोडणारं सर्किट कधी बॅटरीत असतं, कधी यंत्रात. जोडी फुटली की राखण करणारंच कुणी उरत नाही. अशा मेलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे नेमाने येतात.

ब्रशलेसचं विचारलं नाहीत, पण दुकानदार विचारायला लावेल. ब्रशवाल्या मोटारीत कार्बन घासला जातो, ब्रशलेसमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं; चार्ज जास्त पुरतो, मोटार कमी तापते. रोज आठ तास चालवणाऱ्या सुताराने डोळे झाकून ब्रशलेस घ्यावं. तुमच्या घरात कार्बन झिजायला दहा वर्षं लागतील आणि तो शंभर-दीडशे रुपयांत बदलता येतो. ब्रशलेसचं सर्किट गेलं तर मात्र मी कपाळावर हात मारतो आणि तुम्ही खिशावर. घरासाठी ब्रशवालं चालेल. कुणी त्याच किमतीत ब्रशलेस देत असेल तर नाही म्हणू नका, एवढंच.

आता आपल्या गावचा खास शत्रू, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि या बॅटऱ्यांना चार्ज करायची मर्यादा साधारण ४० अंश असते. भर दुपारी काम केलं की बॅटरी आतून पन्नाशीला पोचलेली असते. ती तशीच चार्जरवर लावली तर चांगला चार्जर दिवा लुकलुकवत थांबतो, चार्ज करत नाही. लोक म्हणतात चार्जर बिघडला. तो बिघडलेला नाही, तो बॅटरीचा जीव वाचवतोय. स्वस्त चार्जरला ही अक्कल नसते, तो दामटून भरतो, आणि सहा महिन्यांत बॅटरी निम्मी होते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी करा, किंवा काम झाल्यावर अर्धा-पाऊण तास सावलीत राहू द्या. कूलरच्या तोंडाशी ठेवणारे आहेत. ती ओली हवा बॅटरीच्या पितळी जिभांना चांगली नाही, पंख्याखाली ठेवा. आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, स्कूटरच्या डिकीत, उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवायची नाही. महिना-दोन महिने काम नसेल तर निम्म्या चार्जवर, यंत्रातून काढून, आतल्या खोलीच्या कपाटात. पूर्ण भरून ठेवणं आणि पूर्ण रिकामी ठेवणं, दोन्ही वाईट, त्यात रिकामी जास्त वाईट. वर्षभर रिकामी पडलेली बॅटरी चार्जर ओळखतच नाही. मग कुणीतरी दोन वायरी लावून तिला 'झटका' देऊन उठवतो. एकदा फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळून भलत्या जागी बसलेलं असतं, ते पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. अशी बॅटरी मी उठवत नाही, कितीही गयावया केली तरी.

सेल बदलून देतो म्हणणारेही भेटतील. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून भरतात. लॅपटॉपचा सेल सावकाश करंट द्यायला बनलेला असतो. ड्रिल अडकलं की वीस-पंचवीस अँपिअर ओढतं. पहिल्याच काँक्रीटला ती बॅटरी तव्यासारखी तापते.

एक स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. आमच्या बाथरूममध्ये टॉवेलची दांडी लावायची होती. महापालिकेचं पाणी त्याच सकाळी आलेलं, चार दिवसांनी, गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरलेली. मी नळाच्या बरोबर वर, दिसायला मध्यावर येईल अशी खूण केली आणि ड्रिल लावलं. टाइल गेली, प्लास्टर गेलं, आणि पुढे बिट एकदम मऊ गेलं. बाहेर काढताच चेहऱ्यावर पिचकारी. गरम पाण्याचा पाइप. गच्चीवरचा व्हॉल्व्ह कितीतरी वर्षं फिरवला नव्हता, तो जाम. मी भोकात बोट घालून उभा, मुलगा वर पाना घेऊन पळतोय, आणि बायको बादल्या-पातेली लावत मला जे ऐकवत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचे चार दिवस शेजाऱ्यांकडून पाणी आणलं. ज्याचा धंदाच ड्रिलचा, त्याने नळाच्या सरळ रेषेत भोक पाडलं, हे गल्लीभर झालं ते वेगळंच.

तर नळ, शॉवर, गीझर यांच्या सरळ वर आणि सरळ खाली हात लावायचा नाही. स्विचबोर्डाचंही तेच, आतली वायरिंग बोर्डापासून उभी वर जाते किंवा आडवी दुसऱ्या बोर्डाकडे. त्या रेषेपासून निदान वीतभर बाजूला. टाइलवर आधी चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही, भाल्याच्या टोकाचं टाइलचं बिट वापरा, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. भोक किती खोल हवं तेवढ्यावर बिटाला चिकटपट्टीचा झेंडा गुंडाळा. डोळ्यांना चष्मा हवा, खास करून स्लॅबला वर बघून भोक पाडताना. हातमोजे मात्र ड्रिलला नकोत, फिरत्या चकात कापड अडकलं की बोटही सोबत जातं.

बाकी यंत्रांबद्दल थोडक्यात. बॅटरीचं ग्राइंडर घरी लागत नाही, आणि घेतलंच तर चकतीवरचं गार्ड आणि बाजूची मूठ काढून वापरणार असाल तर नका घेऊ. लाकूड कापायची दातेरी चकती त्याला लावणाऱ्यांचे हात मी बघितलेत. छोटी चेनसॉ हल्ली सगळ्यांना हवी असते, अंगणातल्या कडुलिंबाच्या फांद्यांसाठी. घोडीवर चढून एका हाताने ती चालवणं म्हणजे स्वतःहून दवाखाना गाठणं. जिगसॉ चांगली, पण तुमच्या यादीत तिचं काम नाही. बॅटरीवरचा प्रेशर वॉशरही एकाने विचारला होता. पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथे गाडी धुवायला तो घ्यायचा की नाही, हे मी त्यांच्या घरच्यांवर सोडलं. इम्पॅक्ट ड्रायव्हर हा प्रकार नावाने फसवतो: त्याला भिंतीशी काही घेणं-देणं नाही, पाव इंची षट्कोनी बिट घेऊन तो लांब स्क्रू आणि नटबोल्ट धडाधड आवळतो. पत्र्याच्या शेडवाल्यांना वरदान. तुमच्या कपाटाच्या बिजागरीला तो लावला तर पुन्हा काड्या आणि फेविकॉल.

दुकानात गेल्यावर यंत्र हातात घ्यायच्या आधी विचारा, याची एकटी बॅटरी कितीला आणि आत्ता आहे का? '४८ व्होल्ट'वाल्यांकडे याला उत्तर नसतं. दुसरं, दुरुस्तीला सोलापुरातच कुणी अधिकृत आहे की यंत्र अडीचशे किलोमीटरवर पुण्याला जाणार? खोक्यावर उत्पादन किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं; दोन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी नव्या भावात घेऊ नका. चकाला बिट लावून रिकामं फिरवा, टोक डगमगत असेल तर दुसरा नग मागा. दोन बॅटऱ्यांचाच सेट घ्या, एकीवर काम आणि एकीला चार्ज. उरलेल्या पैशांत सहा आणि आठ मिलीची दोन-दोन चांगली काँक्रीट बिटं, टाइलचं एक, आणि लांब दांड्याचं लोहचुंबकी स्क्रूबिट घ्या. १०८ नगांच्या डब्यातली बिटं विटेतसुद्धा वाकतात. त्या गिऱ्हाइकाने तो डबा माझ्याकडेच टाकला; त्यातली मोजपट्टी तेवढी मी वापरतोय.

आणि मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, गाडीतला कचरा दाबताना ती पेटू शकते. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. जिथून घेतली त्या दुकानात द्या, नाहीतर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून माझ्यासारख्याकडे आणून टाका.